चिलटांचा दुसरा संच

माझ्या सुनेचं म्हणणं आहे की माझ्या पदराला अजून आंबलेल्या केळ्याचा वास येतो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, साड्या किती वेळा धुऊन झाल्या, तरी येतो म्हणते. मी वाद घालत नाही. सगळी नोकरी चिलटांच्या मागं घालवलेल्या बाईनं वासाबद्दल बोलू नये. शिवाय तो वास साडीचा नाहीच. तो स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या काचेच्या नळ्यांचा आहे. त्या नळ्यांत चिलटं आहेत, आणि ती तिथं का आहेत हे सुनेला समजावून सांगून मी थकले. दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हटल्यावर वाटलं, एकदा लिहूनच टाकावं आणि तिला वाचायला द्यावं.

मी हिंगोलीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. त्याआधी पुण्याला एका मोठ्या प्रयोगशाळेत संशोधन करत होते. वडील आजारी पडले, म्हणून जवळा बाजारला घरी आले, आणि मग इथंच नोकरी लागली. येताना सोबत चिलटांच्या थोड्या नळ्या आणल्या होत्या. परत आले ते चुकलं का बराबर होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. पूर्वी त्यावर विचार करायची, आता तेवढा दमही राहिलेला नाही.

चिलट म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावतं ते. शेतकरी ज्या फळमाशीला शिव्या देतात ती वेगळी, मोठी. तरी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत माझ्याकडं आंब्यावरची औषधं विचारायला लोक येत राहिले. हळदीच्या मोंढ्यातले एक व्यापारी तर पोत्यातली कीड कागदाच्या पुडीत बांधून घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, तुमी किडे मारायच्या डॉक्टर ना?" मी म्हटलं, मी किडे जगवायची डॉक्टर. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की पुन्हा कधी तिकडं फिरकले नाहीत.

जगवायचं म्हणजे काय, तर रांधायचं. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर म्हणजे शेवाळाची पूड घालून पिठल्यासारखं घट्ट शिजवायचं, बुरशी येऊ नये म्हणून थोडं आम्ल घालायचं, गरम असतानाच नळ्यांत ओतायचं, गार झालं की चिलटं सोडून वर कापसाचा बोळा. त्यातच ती खातात, त्यातच अंडी घालतात, अळ्या त्यातच वाढतात. थोड्या दिवसांनी नवी नळी, नवं पिठलं. त्याला सुटी नाही. दिवाळी असो की आंबेडकर जयंती, घरात लग्न असो की मयत, चिलटांना खायला पाहिजे. माझ्या नवऱ्यानं एकदा शांतपणे विचारलं होतं, "आपल्या घरी पिठलं कवा व्हईल?" त्या आठवड्यात मी घरी पिठलं केलं, पण त्यालाही यीस्टचा वास येतो असं सगळ्यांनी सांगितलं.

हे सगळं रांधण्याचं काम माझ्याबरोबर शेषराव करायचे. ते प्रयोगशाळेचे परिचर. अंगानं किरकोळ, स्वभावानं तिरसट, आणि कामाला वाघ. चिलटांना ते "आपली लेकरं" म्हणत आणि मेलेली चिलटं तेलाच्या बाटलीत टाकताना तोंड दुसरीकडं करत. मी कशावर काम करते हे त्यांना माहीत होतं, पण तो शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. "मॅडम आज ते कापून राहिल्या," एवढंच सांगायचे.

"ते" म्हणजे चिलटाच्या नराचं वृषण. वर्गात हा शब्द पहिल्यांदा फळ्यावर लिहिला की पोरं वहीत तोंड खुपसत आणि पोरी खिडकीबाहेर बघत. मी सरळ पुढं शिकवत जायची. लाजायला वेळ कुणाला होता?

शिकवायचे ते असं. नराचं वृषण म्हणजे मुरडलेली पिवळसर नळी, जिलबीचा तुकडा असावा तशी. तिचं एक टोक बंद असतं. त्या टोकाशी थोड्या पेशींचा एक गठ्ठा असतो, आम्ही त्याला ठिपका म्हणायचो. हा ठिपका स्वतः बीज करत नाही. तो एकाच जागी बसून फक्त संदेश सोडत राहतो. त्याला चिकटून गोलाकार बसलेल्या असतात मूलपेशी. मूलपेशी दुभंगली की तिच्या दोन पेशी होतात. जी ठिपक्याला चिकटून राहते तिला संदेश मिळत राहतो आणि ती मूलपेशीच राहते. दुसरी थोडी बाहेर सरकते, तिथवर संदेश नीट पोचत नाही, मग ती आपल्या मार्गाला लागते आणि तिचे शेवटी शुक्राणू होतात. मादीच्या अंडाशयातही असाच कारभार, फक्त संदेश वेगळा आणि तो देणारे शेजारी वेगळे. सगळ्यांना वाटतं की मूलपेशीच्या पोटात काहीतरी खास असणार. मी आयुष्यभर सांगत आले की तिच्या पोटात एवढं काही नाही. ती कुणाशेजारी बसली आहे ते बघा. थंडीत शेकोटीला चिकटून बसलेल्याला ऊब लागते आणि मागं उभा असलेला कुडकुडतो, त्यात मागच्याचा काही दोष नसतो.

संदेश बंद पडला तर मूलपेशी एकेक करून निघून जातात आणि नर वांझ होतो. संदेश गरजेपेक्षा जास्त झाला तर कुणीच निघत नाही, सगळ्या तिथंच गर्दी करतात, गाठ होते, आणि बीज तरीही तयार होत नाही. हे दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या रक्तात, आतड्यात, कातडीतही मूलपेशी असतात आणि त्यांनाही शेजार लागतो. म्हणून जगभर लोक या चिलटाच्या मागं लागलेत. मी एकटीच वेडी नाही, हे सुनेसाठी.

या कामाची ख्याती कशी पसरेल याचा नेम नव्हता. एकदा जवळा बाजारकडच्या एक आजीबाई सुनेला घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दारात आल्या. कुणीतरी सांगितलं होतं की कॉलेजातल्या मॅडम बीज कसं तयार होतं ते बघतात. आजीबाई म्हणाल्या, "बाई, हिला लेकरू होऊन न्हाई राहिलं. हिचं काय ते तपासा." सून खाली मान घालून उभी. मी म्हटलं, आजी, मी माणसांची डॉक्टर नाही, मी चिलटांचं बघते. त्यांना ते पटेना. "चिलटाचं कळतंय त माणसाचं काहून न्हाई कळणार?" शेवटी मी त्यांना स्टुलावर बसवून सूक्ष्मदर्शकात वांझ नराचं ते रिकामं टोक दाखवलं. म्हटलं, हा नर आहे. मादी धडधाकट आहे, दोष ह्याच्यात आहे. आता सांगा, तपासायला कुणाला न्यायचं? आजीबाई बराच वेळ काचेला डोळा लावून बसल्या. मग उठल्या आणि सुनेला म्हणाल्या, "चल. त्यालाबी घेऊन जाऊ दवाखान्यात." पुढं काय झालं मला कळलं नाही. त्या सुनेनं जाताना वळून माझ्याकडं पाहिलं होतं, ते लक्षात राहिलं.

आता ज्योतीचं सांगते, कारण खिडकीतल्या नळ्या तिच्या आहेत.

ज्योती राठोड कनेरगाव नाक्याजवळच्या एका तांड्यावरची. बी.एस्सी.ला माझ्याकडं होती. माझे हुशार विद्यार्थी मी सगळे बाहेर पाठवले, पुण्याला, बंगळुरूला, दोघं परदेशात. जाताना सगळे म्हणायचे, परत येऊ मॅडम. कुणी आलं नाही, आणि येऊन तरी काय करणार होते, आमच्याकडं धड सूक्ष्मदर्शक नाही. ज्योतीला मी तेच सांगितलं की बाहेर जा. ती म्हणाली, "मला इथंच करायचंय, तुमच्याकडं. याडी म्हणते, घरून येऊन जाऊन शिकायचं असंल तर शीक." याडी म्हणजे तिची आई. म्हणजे पर्याय हाच होता, माझी प्रयोगशाळा नाहीतर लग्न. मी तिला पीएच.डी.ला घेतलं.

तिचा प्रश्न चांगला होता. ठिपक्यापासून निघून गेलेली पेशी परत येऊ शकते का? जी शुक्राणू व्हायच्या वाटेला लागली आहे, पण अजून फार लांब गेलेली नाही, ती ठिपक्याजवळ जागा रिकामी झाली तर मागं फिरून पुन्हा मूलपेशी होते, एवढं जगात इतरांनी दाखवलेलं होतं. कोणती पेशी कुठवर गेल्यावर परत येऊ शकते, ते ज्योतीला बघायचं होतं. त्यासाठी तिनं चिलटांचा एक खास वंश तयार केला. या चिलटांत संदेश ऐकणारा भाग असा सदोष होता की थंडीत तो नीट काम करायचा आणि उकाड्यात बंद पडायचा. थंड पेटीत ठेवली की चिलटं सुखी. उकाड्यात काढली की संदेश ऐकू येईना, मूलपेशी ठिपका सोडून निघाल्या. त्यात तिनं आणखी एक खूण घातली, म्हणजे निघालेली पेशी नंतर ओळखता येईल. असा जोड जगात दुसऱ्या कुणाकडं नव्हता. तो जुळवायला तिनं पिढ्यान् पिढ्यांची लग्नं लावली होती, रोज सकाळी कोषातून निघालेल्या कोऱ्या, म्हणजे अजून नराशी न जुळलेल्या, माद्या निवडून. तिची सगळी पीएच.डी. त्या वंशावर उभी होती, आणि मुदत संपत आली होती. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. तिचे वडील दर पौर्णिमेला एक स्थळ घेऊन येत होते.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. प्रत्येक वंशाचे दोन संच ठेवायचे, आणि ते दोन वेगळ्या जागी ठेवायचे. एका जागी आग लागली, बुरशी आली, किडे पडले, तर दुसरा वाचतो. ज्योतीचा पहिला संच आमच्या थंड पेटीत आणि दुसरा प्राचार्यांच्या केबिनमध्ये, कारण कॉलेजात एसी तेवढाच. प्राचार्यांना मी सांगितलं होतं की कपाटावर शोभेच्या नळ्या आहेत. त्यांनी त्या वर्षभर पाहुण्यांना कौतुकानं दाखवल्या.

मे महिना. मी नांदेडला पेपर तपासायला गेलेली. ज्योती तांड्यावर भावाच्या लग्नात. हिंगोलीचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आणि आमच्या इमारतीची डीपी जळाली.

शेषराव एकटे होते. थंड पेटी बंद पडलेली, फोन करावा तर ज्योतीच्या तांड्यावर रेंज नाही आणि माझा फोन तपासणीच्या खोलीबाहेर जमा. त्यांनी त्यांच्या अकलेनं जे केलं ते कुठल्याही हिंगोलीकरानं केलं असतं. पलीकडच्या वाचनालयाच्या इमारतीत वीज होती आणि तिथं मोठा कूलर होता. त्यांनी कूलरचे वाळ्याचे पडदे भिजवले, टाकी भरली आणि नळ्यांची मांडणी कूलरसमोर लावली. मग त्यांना दुसऱ्या संचाची आठवण झाली. प्राचार्य रजेवर, केबिनचा एसी बंद, आत भट्टी पेटल्यासारखं. तिथली लेकरं तिकडं उकडून राहिलीत आणि इथली गारव्यात, हे काही त्यांना बघवलं नाही. त्यांनी तो संचही उचलून आणला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुटी. त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. कूलरची टाकी कधीतरी रिकामी झाली, वाळा वाळून कडकडीत झाला, आणि कूलर नळ्यांवर आगीसारखा वारा मारत राहिला. त्याला काय, तो पंखाच.

मी आले तेव्हा शेषराव वाचनालयाच्या पायरीवर बसले होते. टोपी हातात. म्हणाले, "मॅडम, समदी गेली. मी थंड ऱ्हावं म्हणून ठेवलं व्हतं." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण प्रवासानं आणि उन्हानं माझा जीव इतका मेटाकुटीला आला होता की ओरडायला तोंडच उघडलं नाही. तेच बरं झालं. त्यांची चूक हीच की दोन्ही संचांवर त्यांची सारखीच माया होती.

ज्योती दुपारी पोचली. अंगावर लग्नातली साडी, हाताला मेंदी. तिनं एकेक नळी उजेडात धरून पाहिली. पिठलं सुकून भेगाळलेलं, अळ्या मेलेल्या, कोष काळे पडलेले. रडली नाही. सगळ्यात खालच्या ओळीत, ओल्या फरशीला लागून असलेल्या थोड्या नळ्यांत काही चिलटं हलत होती. तेवढीच राहिली होती. तिनं ती नव्या पिठल्यावर घेतली. माद्यांनी अंडी घातली. अंडी फुटली नाहीत.

नर वांझ झाले होते. माद्यांना दुसरे नर दिले असते तर पोरं झाली असती, पण ज्योतीनं जुळवलेला जोड फुटला असता आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. त्यासाठी वेळ नव्हता. घरी तिनं काय सांगितलं मला माहीत नाही, पण दोन दिवसांनी तिचे वडील आले, प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढल्या आणि मला म्हणाले, "मॅडम, पोरीनं लई तकलीफ घेतली. आता झालं ना? आता आमी आमचं बघतो." ते वाईट माणूस नव्हते. थकले होते, माझ्यासारखेच.

ज्योतीच बोलली. "बाबा, एक नर कापून बघते. त्यात दिसंल. मग सांगते."

मी तिला थांबवलं. वाचलेले नर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्यातला एक मारायचा आणि तो बरा होणारा निघाला तर? ती म्हणाली, "न कापता वाट बघितली आणि आत काहीच नसलं तर? मग मी कशाच्या भरवशावर बसू, मॅडम?" वडील दाराशीच उभे होते. मी बाजूला झाले. ही निवड माझी नव्हती.

तिनं नराला बर्फावर निजवलं, खारट पाण्याच्या थेंबात घेतलं आणि दोन चिमट्यांनी उघडलं. लग्नाची मेंदी लागलेले तिचे हात अजिबात हलले नाहीत. पिवळी नळी बाहेर काढली, काचेवर घेतली, टोक शोधलं. बराच वेळ काचेला डोळा लावून होती. मग उठली आणि मला जागा दिली.

टोकाशी ठिपका होता. शाबूत. त्याच्या भोवतीची जागा ओसाड. मूलपेशी निघून गेल्या होत्या. पण थोडं पलीकडं, नुकत्या निघालेल्या पेशींचे लहान लहान पुंजके अजून होते, फार पुढं गेलेले नव्हते.

तोवर पुस्तकातून मी हे कितीदा शिकवलं होतं. शेजारच शेवटी महत्त्वाचा, जागा जिवंत असली तर गेलेली माघारी येतात, वगैरे. त्या दिवशी मात्र मला शिकवता आलं नाही. ज्योतीनं वडिलांना तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मी विचारलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, "घर हाय, म्हटलं. माणसं कामाला गेलीत. बोलवून बघते."

वडील चपला घालून गेले. पावसाळा लागेपर्यंत ते पुन्हा आले नाहीत. हीच त्यांनी दिलेली मुदत असावी.

डीपी दुरुस्त होईपर्यंत उरलेल्या नळ्या शेषरावांच्या घरी रांजणात ठेवल्या, भोवती ओलं पोतं. तिथं तरी गारवा टिकला. ते पाणी शिंपायचे, पण नळ्यांकडं बघायचे नाहीत. ज्योती रोज कनेरगाव नाक्याहून एसटीनं यायची, पिठलं शिजवायची, नळ्या बदलायची, अंडी बघायची. अंडी फुटत नव्हती. चिलट म्हातारं होतं हो, त्याचं आयुष्य ते केवढं. रोज एखादं मेलेलं सापडायचं. मीही रोज जायची. उत्साहानं वगैरे नाही, तिला एकटीला बसवत नव्हतं म्हणून. पेशींना परत मूलपेशी व्हायचं, मग दुभंगायचं, मग बीज तयार व्हायचं, याला लागेल तो वेळ लागणारच होता. घाई करून काही होत नाही, आणि वाट बघण्यात माणूस किती झिजतं ते मला त्या उन्हाळ्यात कळलं.

पेटी सुरू झाली, नळ्या पुन्हा गारव्यात गेल्या. एका सकाळी शेषराव झाडलोट करत होते. ज्योती अजून आली नव्हती. मी त्यांना म्हटलं, शेषराव, माझा चष्मा घरी राहिला, जरा ही नळी बघा. चष्मा माझ्या पिशवीत होता. त्यांनी आढेवेढे घेतले, मग नळी खिडकीशी धरली. पिठल्याच्या कडेला काहीतरी बारीक, पांढरं.

"वळवळून राहिलंय व्हय," ते म्हणाले. आणि मग नळी माझ्या हातात देऊन बाहेर गेले, बराच वेळ हात धूत राहिले.

ज्योतीनं वेळेत प्रबंध दिला. त्यात त्या उन्हाळ्याचा उल्लेख "अनियंत्रित तापमानवाढ" असा आहे. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी विचारलं की ही तापमानवाढ कोणत्या यंत्रानं केली. ज्योती म्हणाली, कूलर. त्यांना वाटलं कुठल्यातरी परदेशी उपकरणाचं नाव आहे, त्यांनी मान डोलावली.

मग ती पुण्याला गेली. चांगली जागा मिळाली होती, मीच जा म्हटलं. जाताना एक संच घेऊन गेली आणि दुसरा माझ्या हातात दिला. दोन संच, दोन जागा. मी निवृत्त झाले, शेषरावही झाले, प्रयोगशाळेच्या खोलीत आता संगणकाचा वर्ग भरतो. संच घरी आला. स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीत, रांजणाच्या शेजारी. उन्हाळ्यात ओलं पोतं. मी कंटाळले आहे, हे लपवत नाही. गुडघे दुखतात, पिठलं ढवळताना खांदा भरून येतो. पुण्याला चांगल्या पेट्या आहेत, माझ्या खिडकीची काय गरज, असं दर वेळी वाटायचं.

यंदा उन्हाळा सरल्यावर ज्योतीचा फोन आला. तिच्याकडं नळ्यांत बारीक किडे शिरले होते, पूर्ण संच गेला होता. आवाजावरून कळत होतं की झोपली नसावी. "मॅडम, तुमच्याकडं..." एवढंच म्हणाली. मी म्हटलं, आहेत.

ती स्वतः आली. स्टेशनवरून थेट घरी, पिशवीसकट. सून तिला बघून हसली, कारण इतक्या वर्षांत या नळ्यांना कुणीतरी मालक आहे हे तिला पहिल्यांदा पटलं. ज्योतीनं खिडकीशी उभं राहून एकेक नळी उजेडात धरून पाहिली, तशीच, त्या दुपारसारखी. फक्त या वेळी रडली.

चहा झाला. मी सगळ्या नळ्या डब्यात कापूस लावून भरून ठेवल्या होत्या. म्हटलं, घेऊन जा आता, माझ्याच्यानं होत नाही. तिनं डबा उघडला, अर्ध्या काढल्या आणि उरलेल्या पुन्हा खिडकीत नेऊन लावल्या. रांजणावरचं पोतं सुकलं होतं, त्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

"ज्योती," मी म्हटलं, "मी थकले गं."

"माहीत हाय, मॅडम." ती पाठमोरीच म्हणाली. "पण तुमच्याकडं हायत, एवढं माहीत असलं की मला तिकडं काम करता येतं."

ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. तिला सोडून परत आले तर सुनेनं मक्याच्या पिठाचा डबा काढून ओट्यावर ठेवला होता आणि विचारत होती, "गूळ किती घालायचा?"